हिवाळ्यांत घराची हवा व बांधणाराचें कर्तव्य

घर पाहावें बांधून, असें आपल्या लोकांत म्हणतात. आणि जो बांधतो त्यालाच त्यांतील खर्च व त्रास कळतो, हें खरें आहे. परंतु बांधून झालेल्या घरांत श्वास कसा घ्यावयाचा, ह्याचा विचार बांधतेवेळीं फार थोडे लोक करितात. पाया, भिंत, छप्पर व दार ह्यांचा हिशेब गवंड्याजवळ असतो. हवेचा हिशेब कोणाजवळच नसतो. हवा डोळ्यांस दिसत नाहीं, तिच्यासाठीं पैसे मोजावे लागत नाहींत, आणि ती बिघडली तरी भिंत पडत नाहीं; म्हणून ती विसरली जाते. ह्या पाठांत आम्ही त्याच हवेविषयीं, आणि विशेषेंकरून हिवाळ्यांतील हवेविषयीं लिहिणार आहों. घरधन्यांबरोबर गवंडी, मिस्तरी, सुतार, रंगारी व लहानमोठे ठेकेदार ह्यांनींही तो वाचावा. आणि ज्यांस वाचण्यास सवड नाहीं त्यांना गांवच्या शिक्षकांनीं व उपदेशकांनीं तो वाचून दाखवावा, अशी आमची इच्छा आहे.

१. हिवाळ्यांतच हवा कां बिघडते?

नाशिक जिल्ह्याचा हिवाळा महाराष्ट्रांतील पुष्कळ भागांहून कडक असतो. निफाड तालुक्यांत पारा पुष्कळ वेळां ५-६ अंश सेल्सियसपर्यंत उतरतो, आणि द्राक्षांच्या बागांस इजा होऊं नये म्हणून शेतकरी रात्रीं व पहाटे बागेंत शेकोट्या पेटवितात. ज्या थंडीपासून वेलीचेंही रक्षण करावें लागतें, तिच्यापासून मनुष्यानें आपल्या लेंकरांचें रक्षण करावें ह्यांत नवल तें काय? म्हणून दिवस मावळला कीं दारें लागतात, खिडक्या बंद होतात, फटींत चिंध्या कोंबल्या जातात, आणि घरांतील सर्व माणसें एका खोलींत निजतात. त्याच खोलींत किंवा तिच्या शेजारीं संध्याकाळची चूल पेटलेली असते. पहाटे आंघोळीच्या पाण्यासाठीं ती पुन्हां पेटते. डांस असले तर कोपऱ्यांत अगरबत्तीसारखी जळणारी डांसांची वळीही असते. अशा रीतीनें उन्हाळ्यांत जी हवा दिवसांतून अनेक वेळां बदलते, ती हिवाळ्यांत रात्रभर एकच राहते. आणि तीच हवा सात-आठ माणसें पुन्हां पुन्हां श्वासावाटे घेतात.

ह्याला बाहेरच्या हवेचीही जोड मिळते. उन्हाळ्यांत तापलेली जमीन आपल्यावरील हवेस वर ढकलते व धूर उंच जाऊन विरतो. हिवाळ्याच्या रात्रीं जमीन लवकर निवते. तिला लागून असलेली हवा थंड व जड होऊन खालींच बसते, आणि तिच्यावर अधिक उबदार हवेचा थर झांकणासारखा पसरतो. गोदावरीच्या कांठीं किंवा डोंगरांमधल्या खोलगट गांवांत पहाटे धुराचा पांढुरका पट्टा छपरांच्या जरा वर तरंगतांना दिसतो, तो ह्याच कारणानें. शहरवासीयांनींही हें परक्याचें दुःख समजूं नये. केंद्र सरकारनें २०१९ सालीं राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, त्यांत ज्या शहरांची हवा सुधारण्याची गरज आहे त्यांच्या यादींत नाशिकचेंही नांव आहे.

ह्यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. हिवाळ्यांत घर उघडून हवा खेळविण्याची उत्तम वेळ पहाट नव्हे. ऊन चढून धुकें व धूर विरल्यावर, म्हणजे साधारणपणें सकाळीं १० पासून दुपारीं ४ पर्यंत, दारें-खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या व अंथरुणें उन्हांत घालावीं. परंतु रात्रीं घर अगदींच कोंडून चालत नाहीं. आणि रात्रींची सोय उघडझांक करून होत नाहीं, ती बांधकामांतच असावी लागते.

२. जुन्या घराच्या फटी व नव्या घराचा कोंडमारा

आपल्या जिल्ह्यांतील जुनीं घरें आठवा. पेठ व सुरगाण्याच्या बाजूस कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर गवत किंवा कौलें असत. त्यांच्या फटींतून धूर झिरपून जाई. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत मातीचें धाबें असे, व त्या धाब्याला उजेडासाठीं आणि धुरासाठीं एक भोंक राखीत. त्यास कोठें सवणें, कोठें साणें म्हणतात. पाऊस आला कीं त्यावर झांकण घालीत व उघडीप होतांच काढीत. नाशिकच्या जुन्या वाड्यांत मधोमध चौक असे, आणि माजघराची कोंदट हवा त्या चौकांतून वर निघून जाई. ह्या घरांत धूर नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. काजळीनें काळे झालेले वासे व चुलीपुढें डोळे पुसणारी आजी आपण सर्वांनीं पाहिली आहे. तरी पण त्या घरांना नाकें होतीं. कांहीं बांधणारानें मुद्दाम ठेविलेलीं व कांहीं त्याच्या हातून नकळत राहिलेलीं.

आतांचें घर विटांचें, सिमेंटचें व वर स्लॅबचें असतें. तें गळत नाहीं, त्यांत उंदीर व साप सहज शिरत नाहींत, व दरसाल छप्पर शाकारण्याची यातायात चुकते. हा मोठाच लाभ आहे, व तो सोडून मागें जावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या भिंतींतून पाणी जात नाहीं तींतून धूरही जात नाहीं. स्लॅबला फट नाहीं. लोखंडी चौकटीची खिडकी घट्ट बसते. कांचेच्या सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो. आणि खर्च वांचवावा म्हणून वरचा झरोका गाळला जातो. अशा खोलींत तीच जुनी चूल नेऊन ठेविली, तर धुरानें कोणत्या वाटेनें जावें?

२०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागांत घराचें क्षेत्रफळ कमींत कमी २५ चौरस मीटर ठरविलेलें असून, त्यांत स्वच्छ रीतीनें स्वयंपाक करण्याची जागाही धरलेली आहे. ही अट फार शहाणपणाची आहे. परंतु कागदावरील अट भिंतींत उतरविणारा हात गांवच्या गवंड्याचाच असतो. झरोका कोणत्या भिंतीला, किती उंचीवर व केवढा ठेवावा, हें पुष्कळदां त्याच्याच एका शब्दानें ठरतें. आमच्या पाठाचें सार एवढेंच आहे: जुन्या घरांत फट आपोआप राहत असे; नव्या घरांत ती विचार करून ठेवावी लागते, आणि तो विचार करणें हें बांधणाराचें काम आहे.

३. धूर शरीरांत काय करितो?

धूर म्हणजे नुसता डोळ्यांचा त्रास, ही समजूत चुकीची आहे. कर्क स्मिथ नांवाच्या अमेरिकन संशोधकानें व त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनीं १९८१ सालीं गुजराथेंतील चार खेड्यांत चुलीपुढें बसलेल्या स्त्रियांच्या श्वासाजवळची हवा मोजली. प्रत्येक घनमीटर हवेंत धुराचे कण सरासरी सुमारें ७ मिलिग्रॅम निघाले. शहरांतील धुरकट हवेच्या मानानेंही हें प्रमाण कितीतरी पट होतें. त्यापूर्वीं प्रदूषण म्हटलें म्हणजे गिरणीची चिमणी व मोटारी एवढेंच लोकांच्या डोळ्यांपुढें येई. तें आपल्या स्वयंपाकघरांत बसलेलें आहे, हें अशा मोजणीनें उघड झालें.

ह्या धुरांतील अतिसूक्ष्म कण केंसाच्या जाडीच्या मानानेंही फार बारीक असतात. नाकांतील केंस व घशांतील कफ त्यांना अडवूं शकत नाहींत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. त्यांच्यामुळें लहान मुलांना न्युमोनिया होतो, मोठ्यांना जुनाट खोकला व धाप लागते, हृदयविकार व अर्धांगवायु ह्यांची भीति वाढते, आणि डोळ्यांत मोतीबिंदु होण्यासही ते साह्य करितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरांतील अशा धुरामुळें जगांत सुमारें ३२ लाख माणसें अकालीं मरण पावलीं. त्यांपैकीं २ लाख ३७ हजारांहून अधिक पांच वर्षांखालील मुलें होतीं. आईच्या पाठीशीं किंवा मांडीवर चुलीजवळ असलेलें तान्हें बाळ आईच्याच हवेंत श्वास घेतें. पण त्याचें फुप्फुस कोंवळें व श्वास जलद असतो. सूनबाईचा खोकला व बाळाची घरघर हीं थंडीमुळेंच आहेत असें आपण म्हणतों; थंडीबरोबर कोंडलेला धूरही तेथें हजर असतो, हें ध्यानांत येत नाहीं.

ह्यावर बांधकामानें कांहीं फरक पडतो काय? पडतो. ग्वाटेमाला देशाच्या डोंगराळ खेड्यांत पांचशेंहून अधिक कुटुंबांचे दोन भाग करून, एका भागास धुराडें असलेली चूल बांधून दिली, व दुसरा कांहीं काळ उघड्या चुलीवरच राहिला. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत असें दिसून आलें कीं, धुराड्याच्या चुलीमुळें बाळांच्या वांट्यास येणारा धूर सुमारें निम्म्यावर आला, आणि अतिशय गंभीर न्युमोनियाचें प्रमाण जवळजवळ एकतृतीयांशानें घटलें. सर्वच न्युमोनिया टळला असें नाहीं; कारण निम्मा धूर उरलाच होता. तरी एका गवंडीकामानें आजार हलका होऊं शकतो, एवढें त्यावरून निश्चित कळतें.

४. न दिसणारा वैरी

धूर निदान दिसतो व डोळ्यांस झोंबतो, म्हणून मनुष्य सावध होतो. कोळशाच्या शेगडीची गोष्ट निराळी आहे. कोळसा लाल झाला, धूर थांबला, कीं आतां भय नाहीं असें समजून कित्येक लोक ती शेगडी निजावयाच्या खोलींत नेतात व दार लावून घेतात. परंतु निखाऱ्यास पुरेशी हवा मिळाली नाहीं म्हणजे त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, व तो झोंबतही नाहीं. आपल्या रक्तांतील तांबडा पदार्थ प्राणवायूला जितका चिकटतो, त्याच्या दोनशेंहून अधिक पट ह्या वायूला चिकटतो. त्यामुळें श्वास चालू असतांही शरीरास प्राणवायु मिळेनासा होतो. प्रथम डोकें दुखतें, चक्कर येते, मळमळतें, मग गुंगी येते; आणि जो निजलेला असतो त्याला ह्यांतील कांहींच कळत नाहीं. हिवाळ्यांत एका खोलींतील सबंध कुटुंब सकाळीं मृत सांपडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, त्यांचें कारण पुष्कळदां हेंच असतें.

हाच वायु न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरमधूनही निघूं शकतो. लहानशी न्हाणी, बंद दार, थंडीमुळें लावलेली खिडकी व आंत जळणारा गीझर, हें मरणाचें आमंत्रण आहे. म्हणून हे नियम पाठ करावे. निजण्याच्या खोलींत शेगडी किंवा घमेल्यांतील निखारे कधींही नेऊं नयेत. घरांतील सर्वांचें डोकें एकाच वेळीं दुखूं लागलें व बाहेर गेल्यावर बरें वाटलें, तर तो ह्या वायूचा इशारा समजून विस्तव बाहेर काढावा. कोणी गुंगींत सांपडल्यास प्रथम दारें उघडून त्याला मोकळ्या हवेंत आणावें, आणि विलंब न करितां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

५. बांधणारानें काय करावें?

(क) प्रथम विचारावें. घराचा आराखडा बहुधा घरधन्याशीं बोलून ठरतो. पण चुलीपुढें घरधनीण बसते. म्हणून मिस्तरीनें तिलाच पुसावें: मावशी, चूल कोठें पेटवितां? आंघोळीचें पाणी कशावर तापवितां? रात्रीं ह्या खोलींत किती माणसें निजतात? पुष्कळ घरीं असें उत्तर मिळेल: मिस्तरी, तुम्हीं पुढें गॅसचा ओटा छान केला, पण भाकरी मी मागच्या खोलींतच भाजतें, आणि तेथें तर खिडकीच नाहीं. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी ती गत होते. जेथें विस्तव तेथेंच वाट, हा पहिला नियम.

(ख) हवेस येण्याची व जाण्याची, अशा दोन वाटा ठेवाव्या. गरम हवा वर चढते. म्हणून धूर जाण्याचा झरोका छताच्या अगदीं लगत असावा, आणि ताजी हवा येण्याची वाट समोरच्या भिंतींत खालच्या बाजूस असावी. एकच खिडकी कितीही मोठी असली तरी समोर दुसरी वाट नसेल तर हवा नीट चालत नाहीं. राष्ट्रीय बांधकाम संहितेंत असें सांगितलें आहे कीं, दारें वगळून खिडक्या-झरोक्यांचें क्षेत्रफळ कोरड्या उष्ण प्रदेशांत खोलीच्या जमिनीच्या निदान एकदशांश व दमट उष्ण प्रदेशांत एकषष्ठांश असावें, आणि स्वयंपाकघरांत तें आणखी पावपट वाढवावें. ह्या हिशेबानें ८ फूट रुंद व १० फूट लांब, म्हणजे ८० चौरस फुटांच्या स्वयंपाकघरास ८ चौरस फूट व त्यावर आणखी २, मिळून १० चौरस फूट मोकळीक पाहिजे. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, हें मोजतांना विसरूं नये.

(ग) थंडी अडवावी, हवा अडवूं नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालीं शुश्रूषेविषयीं पुस्तक लिहिलें, त्यांत रोग्याच्या खोलींतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी, पण त्याला थंडी बाधूं देऊं नये, ह्या गोष्टीस त्यांनीं पहिलें स्थान दिलें. दोन्ही एकदम साधतील कसे? वाऱ्याचा झोत अंथरुणावर येणार नाहीं इतक्या उंचीवर, म्हणजे ७ फुटांच्या वर, झरोके ठेवावे. खालच्या खिडकीची झडप घट्ट बसवावी. झरोक्यास तिरप्या पट्ट्या लावल्या म्हणजे पाऊस व झोत अडतो, हवा अडत नाहीं. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडून तिरपा फिरतो. म्हणून एक खिडकी दक्षिणेस ठेविली तर ऊन आंतपर्यंत येऊन खोली फुकट ऊबदार होते. पत्र्याच्या घरांत पत्र्याखालीं बांबूच्या तट्ट्यांचें छत केल्यास रात्रींचा गारवा कमी होतो. मात्र तें छत चुलीपासून दूर असावें.

(घ) धुराडें करावयाचें तर नीट करावें. बिनधुराच्या चुलीचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योग संघाच्या कार्यकर्त्यांनीं तयार केलेली मगन चूल पुष्कळांस नांवानें तरी माहीत असेल. धुराड्याची नळी शक्य तितकी सरळ असावी; प्रत्येक वांकणाशीं काजळी सांचते. ती छपराच्या वर चांगली उंच न्यावी, नाहीं तर वारा धुराला परत घरांत लोटतो. आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडे तिचें तोंड करूं नये. वर पावसाची टोपी व खालीं काजळी काढण्यास एक झांकण असावें. लांकडाच्या वाशाजवळून किंवा गवताच्या छपरांतून नळी जात असेल, तर तिच्याभोंवतीं मोकळें अंतर व पत्र्याचा गळपट्टा ठेवावा. सिमेंट-ॲस्बेस्टॉसची नळी कापतांना उडणारी धूळ फुप्फुसास घातक आहे; तिच्याऐवजीं पत्र्याची किंवा भाजलेल्या मातीची नळी घ्यावी.

(च) पाण्याची चूल घराबाहेर काढावी. हिवाळ्यांत सर्वांच्या आंघोळीचें पाणी तापविण्यास स्वयंपाकाइतकेंच जळण लागतें, आणि तो सगळा धूर पहाटे, मुलें निजलेलीं असतां होतो. मागील अंगणांत दोन हात लांब ओटा बांधून त्यावर एक छपरी घातली, व चूल किंवा बंब तेथें नेला, तर फार थोड्या खर्चांत घरांतील पहाटेचा धूर बहुतेक नाहींसा होतो. आमच्या मतें गरीब कुटुंबासाठीं गवंड्यानें प्रथम सुचवावें असें काम हेंच होय.

(छ) गॅसचा गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा. घरधनी आंत बसवा म्हणाला तरी कारागिरानें नम्रपणें नाकारावें. धूर ओढून घेणारा विजेचा पंखा बसविला असेल, तर नवी हवा येण्यास दाराखालीं किंवा भिंतींत वाट आहे कीं नाहीं हें पाहावें. ती नसली तर पंखा जळलेला वायुच उलट खोलींत ओढूं शकतो.

(ज) जाळी बसवावी. पुष्कळ लोक खिडकी थंडीपेक्षां डांसांच्या भयानें बंद करितात व आंत डांसांची वळी जाळतात. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, एका वळींतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचें वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरांतील कणांइतकें असतें. सुताराची एक जाळीदार चौकट ही वळी व बंद खिडकी दोन्ही टाळते.

(झ) ओल वाळूं द्यावी. इगतपुरी व त्र्यंबकच्या पावसांत भिजलेल्या भिंती हिवाळा आला तरी पूर्ण सुकलेल्या नसतात. त्यांत बंद खोलींतील वाफ थंड भिंतीवर निवते व बुरशी धरते. बुरशीच्या बारीक कणांनीं दमा बळावतो. अशा भिंतीवर तैलरंग फांसणें म्हणजे रोग झांकून ठेवणें होय. आधीं गळती व जोत्याजवळचें सांचणारें पाणी बंद करावें, भिंत सुकवावी, मग चुना द्यावा.

(ट) काम चालू असतां धूळ आंवरावी. दिवाळीनंतर दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो व लोक त्याच घरांत राहत असतात. फरशी व वीट ओली करून कापावी. झाडण्यापूर्वीं पाणी शिंपडावें. तोंडास फडकें किंवा मुखपट्टी बांधावी, कारण दगडाची धूळ कारागिराच्या फुप्फुसांत बसली कीं पुन्हां निघत नाहीं. जुना रंग कोरडा खरवडूं नये. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर जाऊं नये, असा नियम आपल्या देशांत २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वींच्या पुष्कळ रंगांत शिसें असे, व त्याची धूळ लहान मुलांच्या बुद्धीस अपाय करिते. नव्या रंगाच्या खोलींत वास जाईपर्यंत कोणास निजूं देऊं नये.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत नवें घर बांधणारास धाब्याभोंवतीं कठडा करण्याची आज्ञा आहे, कारण कोणी वरून पडला तर त्याचा दोष त्या घरावर येतो. कठड्यावांचून घर उभें राहत नाहीं असें नव्हे. तो दुसऱ्याच्या जिवासाठीं असतो. झरोका व धुराडें हीं त्याच जातीचीं कामें आहेत.

६. चूल बांधून दिली, म्हणजे काम संपलें काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर ओडिशांतील एका पाहणीनें दिलें आहे. एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी ह्यांनीं तेथील खेड्यांत वांटलेल्या धुराड्याच्या चुलींचा चार वर्षें पाठपुरावा केला. पहिल्या वर्षीं श्वासांत जाणारा धूर कमी झाला. पण पुढें नळ्या तुंबल्या, चुलींस भेगा पडल्या, कोणी दुरुस्ती केली नाहीं, लोकांनीं त्या हळूहळू वापरणें सोडलें, आणि आरोग्यांत कांहीं सुधारणा दिसली नाहीं. आपल्या देशांतील राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमही १९८० च्या दशकांत मोठ्या उत्साहानें सुरू होऊन २००२ सालीं बंद झाला. त्यांतील असंख्य चुलींची निगा राखणारा कोणी नव्हता. ग्वाटेमालांत मात्र चुलींची नियमित पाहणी व दुरुस्ती होत असे. चुलींत भेद असेल. पण खरा भेद बांधल्यानंतरच्या काळजींत होता.

म्हणून ठेकेदारानें काम सोंपवितांना तीन गोष्टी कराव्या. पहिली, दारें लावून चुलीजवळ उदबत्ती पेटवावी व तिचा धूर झरोक्याकडे जातो कीं खोलींत घुटमळतो, हें घरच्या माणसांना प्रत्यक्ष दाखवावें. दुसरी, धुराड्याची नळी कशी उघडावी व काजळी कशी काढावी हें घरधनीणीस शिकवावें. महिन्यांतून एकदां तरी ती काढली पाहिजे. तिसरी, पुढल्या दिवाळीनंतर एकदां येऊन पाहीन, असें वचन द्यावें व पाळावें. ज्याच्या घरांतील धूर गेला तो मनुष्य दहा जणांस त्या मिस्तरीचें नांव सांगतो.

घरधन्याचाही वांटा आहे. खर्चाचा अंदाज मागतांना स्लॅब व फरशीबरोबर झरोके, जाळ्या व धुराडें हीं कलमें निराळीं लिहून घ्यावीं. जें कागदावर नसतें तें भिंतींतही येत नाहीं. ठेविलेला झरोका पोत्यानें बुजवूं नये. ओलें लांकूड जाळूं नये, व प्लॅस्टिक तर चुलींत कधींच टाकूं नये. आणि हेंही स्पष्ट सांगतों कीं, धुराड्यापेक्षां धूरच न करणें चांगलें. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळें गरीब घरांतही गॅस पोहोंचला आहे; सिलिंडरच्या किंमतीमुळें चूल अगदीं सुटत नसेल, तर निदान पावसाळी व थंडीच्या दिवसांत, जेव्हां घर बंद असतें तेव्हां, आंतील स्वयंपाक गॅसवर करावा व चूल बाहेरच्या छपरींत ठेवावी.

आपल्या गांवांत ह्या हिवाळ्यांत जितकीं घरें बांधलीं जात असतील, तितकीं आणखी पन्नास वर्षें तरी उभीं राहतील. त्यांत जन्मणारीं मुलें अजून बोलूं शकत नाहींत. त्यांच्या वतीनें झरोका मागणारा कोणी तरी पाहिजे. एका विटेची जागा मोकळी सोडण्यास मजुरी लागत नाहीं. भिंत बांधून झाल्यावर तीच जागा फोडण्यास लागते. म्हणून गवंड्यानें ओळंबा लावण्यापूर्वींच हा विचार करावा.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. हिवाळ्यांत पहाटेपेक्षां दुपारीं खिडक्या उघडणें बरें कां?
२. लाल झालेल्या कोळशाची शेगडी धूर देत नसतांही प्राणघातक कशी होते? तिचीं पहिलीं लक्षणें कोणतीं?
३. तुमच्या स्वयंपाकघराची लांबी व रुंदी मोजा. त्यास किती चौरस फूट मोकळीक पाहिजे व प्रत्यक्ष किती आहे?
४. ग्वाटेमाला व ओडिशा येथील चुलींच्या परिणामांत फरक कां पडला?
५. तुमच्या वस्तींत ह्या वर्षीं कोणाचें घर बांधलें जात आहे? त्याच्या गवंड्यास ही गोष्ट कोण सांगेल, व केव्हां?